संशय आणि संशयकथा : रायपूरच्या धानाच्या निमित्ताने

१

सत्ताधाऱ्यांविषयीचा व शास्त्रज्ञांविषयीचा अविश्वास हा सामान्यतः समाजशास्त्राचा विषय समजला जातो. तथापि तो अविश्वास लोकांमध्ये ज्या रूपाने वावरतो ते रूप बहुधा कथेचे असते, आणि म्हणून साहित्याच्या अभ्यासकालाही त्याचा विचार करणे प्राप्त आहे. मराठीपुरते पाहिले तर या व्यवहाराशी निगडित शब्दांचे दोन गट पडतात. आवई, भुमका, कंडी, वदंता हे शब्द सांगणारा हरवलेल्या वार्तेचे होत. आवई उठते, कंडी पिकते. ती प्रथम कोणाच्या मुखातून निघाली हे कोणास ठाऊक नसते. कट, कारस्थान, कुभांड, बनाव हे शब्द मात्र कर्त्यावाचून संभवत नाहीत. या दोन गटांचा संयोग झाला म्हणजे संशयकथा जन्मास येते. जिचा सांगणारा सापडत नाही अशी ती वार्ता असते, आणि करणारा कोण हे मात्र ती निश्चितपणे सांगत असते.

मराठी इतिहासातील या प्रकाराचा सर्वपरिचित नमुना म्हणजे ‘ध’चा ‘मा’ होय. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा वध झाला. ‘धरावे’ या शब्दाचे आनंदीबाईंनी ‘मारावे’ केले, ही आख्यायिका पुढे इतकी रूढ झाली की तिचा वाक्प्रचार बनला. वस्तुतः या घटनेच्या मागे रघुनाथरावांची महत्त्वाकांक्षा, घरातील दुफळी आणि गारद्यांचा असंतोष अशी अनेक कारणे होती. रामशास्त्री प्रभुणे यांनी दोष ठेवला तो रघुनाथरावांवर. आख्यायिकेने मात्र ही सर्व गुंतागुंत एका व्यक्तीच्या लेखणीत आणि एका अक्षरात आणून ठेवली. त्यामुळे कथा स्मरणीय झाली, पण दोषाची जागा बदलली. संशयकथेचा हा स्वभावधर्म लक्षात ठेवूनच अलीकडील काळातील एका प्रकरणाकडे वळावयाचे आहे.

२

रायपूर हे नाव मराठी अभ्यासकास परके नाही. नागपूरकर भोसल्यांचा छत्तीसगडशी अठराव्या शतकापासून संबंध आला, आणि ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक १९०० साली सुरू करणारे माधवराव सप्रे हे मूळचे मराठी भाषिक. या प्रदेशाला ‘धान का कटोरा’ असे म्हणतात. दुबराज, विष्णुभोग, जवाफूल, जीराफूल, गुरमटिया ही येथील धानाच्या वाणांची नावे जरी घेतली तरी शेतकऱ्याच्या निरीक्षणाची आणि भाषेची समृद्धी ध्यानात येते.

या वाणांचा संग्रह करण्याचे कार्य डॉ. राधेलाल हरेलाल रिछारिया यांनी केले. १९५९ मध्ये ते कटक येथील केंद्रीय तांदूळ संशोधन संस्थेचे संचालक झाले. फिलिपीन्समधील आंतरराष्ट्रीय तांदूळ संशोधन संस्थेकडून येणारे बुटके वाण पुरेशी तपासणी न करता देशभर पसरवू नयेत, त्यांच्याबरोबर रोगही येतील, असे त्यांचे मत होते. या मतभेदाची परिणती त्यांना पद सोडावे लागण्यात झाली. पुढे १९७० नंतरच्या दशकात मध्य प्रदेश शासनाच्या रायपूर येथील तांदूळ संशोधन संस्थेत त्यांनी खेडोपाडी हिंडून सुमारे १९,००० नमुने गोळा केले. हे दशक संपण्यापूर्वीच ती संस्था बंद करण्यात आली. संग्रह कृषी विद्यापीठाकडे गेला आणि १९८७ मध्ये रायपूर येथे इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालय स्थापन झाल्यावर त्याच्या स्वाधीन झाला.

१९८६ मध्ये गोव्यात राहून लेखन करणारे क्लॉड अल्वारिस यांनी ‘इलस्ट्रेटेड वीकली ऑफ इंडिया’ या साप्ताहिकात ‘द ग्रेट जीन रॉबरी’ हा दीर्घ लेख लिहिला. भारतीय धानाचे बीज परदेशी संस्थेच्या हाती जावे यासाठी एका स्वाभिमानी शास्त्रज्ञाला दूर करण्यात आले आणि रायपूरची संस्था जागतिक बँकेच्या साहाय्याच्या आमिषाने बंद पाडण्यात आली, असा त्यांचा आरोप होता. शीर्षकातच ‘दरोडा’ हा शब्द होता. या शब्दाने विखुरलेल्या घटनांना नायक, खलनायक आणि लुटलेले धन प्राप्त झाले. प्रकरणाला कथेचा आकार आला.

३

येथे अभ्यासकाने दोन गोष्टी वेगळ्या ठेवणे आवश्यक आहे. रिछारियांना बाजूला व्हावे लागले आणि त्यांची संस्था बंद झाली, या घटना होत. नव्या वाणांपैकी आय. आर. ८ हा टुंग्रो आणि करपा या रोगांना सहज बळी पडणारा ठरला, हेही खरे. म्हणजे त्यांची भीती निराधार नव्हती. याउलट, हे सर्व एकाच हेतूने व एकाच योजनेने घडले, हे अनुमान होय. त्या काळी बीजांची देवाणघेवाण बेकायदेशीर मानली जात नव्हती. १९८३ च्या आंतरराष्ट्रीय ठरावात वनस्पतींची जनुकसंपदा ही मानवजातीचा सामायिक वारसा म्हणूनच गणली गेली होती. त्या देवाणघेवाणीचा लाभही एकतर्फी नव्हता. उत्तर प्रदेशात सापडलेल्या एका रानधानापासून मिळालेली रोगप्रतिकारशक्ती आय. आर. ३६ या वाणात उतरविली गेली, आणि तो वाण आशियातील अनेक देशांच्या शेतकऱ्यांच्या उपयोगी पडला. मात्र याच उदाहरणावरून भारतीय बीजाचे मोल किती होते हेही सिद्ध होते. ते मोल ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपले त्यांना कोणी विचारले नाही, ही तक्रार तशीच उरते.

२००२ मध्ये या प्रश्नाला वेगळे वळण लागले. स्वित्झर्लंडच्या सिंजेंटा या कंपनीशी विश्वविद्यालयाचा सहकार्य करार व्हावयाचा असून त्याद्वारे हा संग्रह कंपनीला खुला होणार, अशी वार्ता वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाली. शेतकरी, कार्यकर्ते आणि पत्रकार यांनी विरोध आरंभिला, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात कंपनीने माघार घेतली. या वेळी कराराचा मसुदा चर्चेत आला, प्रश्न विचारले गेले, उत्तरदायी व्यक्तींना उत्तरे द्यावी लागली. कथेला कागदाचा आधार मिळाला आणि म्हणून तिला शेवटही मिळाला.

४

संशय आणि संशयकथा यांतील भेद येथे स्पष्ट होतो. संशय पुरावा मागतो व पुरावा मिळाल्यावर शमतो किंवा सिद्ध होतो. संशयकथा पुराव्याच्या अभावालाच पुरावा मानते. कागद सापडला नाही तर तो दडविला असे ती म्हणते. पण हा भेद दाखवून संशय घेणाऱ्याला अडाणी ठरविणे हे शास्त्रीय वृत्तीचे लक्षण नव्हे. १८९६ च्या ऑक्टोबरात मुंबईत प्लेग पसरला असता इस्पितळात नेलेल्या रोग्यांची मोमियाई काढतात, अशी कंडी पिकली होती, आणि त्याच महिन्यात गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. मोमियाईची गोष्ट खोटी होती. परंतु रोग्याला घरच्यांपासून तोडून नेले जात होते, त्याचे पुढे काय होते हे घरच्यांना कळत नव्हते, ही वस्तुस्थिती होती. खोट्या कथेच्या गर्भात खरी व्यथा असू शकते. कथा खोडून काढताना व्यथाही खोडली गेली, तर पुढची कंडी पिकण्यास वेळ लागत नाही.

रायपूरच्या प्रकरणात हेच दिसते. शेतकऱ्याने दिलेले मूठभर बी सरकारी कपाटात गेले. पुढे ते कोठे जाते हे त्याला सांगण्याची रीत नव्हती. ही पोकळी ‘दरोडा’ या एका शब्दाने भरून काढली. २००१ चा वनस्पतींच्या वाणांचे संरक्षण व शेतकऱ्यांचे हक्क यांविषयीचा कायदा, २००२ चा जैवविविधता कायदा आणि २००५ चा माहितीच्या अधिकाराचा कायदा यांनी ही रीत आता निदान कागदावर तरी घालून दिली आहे. तिचा अवलंब जितका होईल तितके संशयाला संशयकथा होण्याचे कारण उरणार नाही.

साहित्याच्या अभ्यासकाचे कार्य यात मर्यादित पण आवश्यक आहे. अशा कथेत सिद्ध झालेले किती, अनुमानाचे किती आणि आकारासाठी रचलेले किती, हे त्याने निवडून दाखवावे. ‘ध’चा ‘मा’ करणाऱ्या आख्यायिकेने दोष भलत्याच ठिकाणी नेऊन ठेवला आणि मराठी समाजाने तो पिढ्यान्‌पिढ्या तेथेच राहू दिला. रायपूरच्या धानाच्या कथेचे तसे होऊ नये. रिछारियांच्या संग्रहातील नमुने व त्यानंतर भर पडलेले वाण आज विश्वविद्यालयाच्या संग्रहात आहेत. त्यांच्या नोंदी आणि त्यांच्याविषयीची कथा या दोन्ही एकत्र ठेवून वाचल्या, तरच त्या कथेतील सत्य टिकून राहील.