आभाळीची ओळख

काही वर्षांपूर्वी भाद्रपदात आम्ही इयत्ता आठवीच्या विद्यार्थ्यांना घेऊन सह्याद्रीतील एका पठारावर गेलो होतो. जांभा दगडावर जेमतेम चार बोटे माती, तीत मुरलेले पाणी आणि गवतातून वर आलेली लहान लहान निळी फुले. ‘नमुना आणा’ अशी आमचीच सूचना होती. एका विद्यार्थ्याने ती तंतोतंत पाळली आणि एक रोप मुळासकट उपटून आणले. निवासावर पोहोचेपर्यंत फुलांचा लगदा झाला होता. हाती उरले ते मुळाशी असलेले मांसल कंद. फुलाची ओळख त्या दिवशी झालीच नाही आणि रोप मात्र गेले. ही चूक विद्यार्थ्याची नव्हे, आमची होती. त्यानंतर आम्ही फूल जागेवरच ओळखायला शिकवू लागलो.

ते फूल आभाळीचे होते. ‘सायनोटिस’ हे तिच्या प्रजातीचे शास्त्रीय नाव ग्रीक भाषेतील ‘निळा’ आणि ‘कान’ या शब्दांवरून आले आहे. विल्यम रॉक्सबर्ग यांनी या वनस्पतीचे वर्णन करताना तिला ‘ट्युबरोसा’, म्हणजे कंद असलेली, असे विशेषण दिले. तेच आजही चालते.

निळा रंग पाहून निर्णय करू नये, हे प्रथम सांगावे लागते. पठारावर निळी-जांभळी फुले अनेक असतात. सीतेची आसवे ही त्यांतली सर्वांत फसवी. परंतु तिच्या फुलाला दोन ओठ असतात आणि मागे एक सोंडेसारखा काटा. शिवाय ती कीटकभक्षी आहे. पावसाळ्यात जिची भाजी आपल्या घरी होते, त्या केन्याचे फूलही निळेच. पण त्याच्या दोन पाकळ्या मोठ्या व तिसरी लहान असते आणि फूल होडीच्या आकाराच्या पानातून बाहेर येते. आभाळीच्या तिन्ही पाकळ्या सारख्या असतात.

आता गुडघे टेकून भिंग लावावे. फुलात सहा पुंकेसर असून त्यांच्या तंतूंवर निळ्या केसांची दाट लव असते. तिच्यात पिवळे परागकोश उठून दिसतात. विद्यार्थी याला ‘फुलाची दाढी’ म्हणतात. आम्हीही आता तेच म्हणतो. फुलांच्या खाली कोयत्यासारखी वाकलेली छदे दोन ओळींत एकमेकांवर बसलेली दिसतात. त्यांतून फुले एकाच वेळी नव्हे, तर क्रमाक्रमाने उमलतात.

खरी अडचण येते ती तिच्या बहिणीपाशी, म्हणजे नभाळीपाशी. दाढी तिलाही आहे. म्हणून नजर फुलावरून खाली न्यावी. नभाळीची पाने आखूड व जाडसर, अंगावर कापसासारखी लव आणि मुळे तंतुमय असतात. ती कातळाला बिलगून राहते. आभाळीला जमिनीलगत लांब, पट्ट्यासारख्या पानांचा झुबका असतो आणि फुलांचे दांडे त्याच्या कडेने निघतात. हा झुबका दिसला की कंद पाहण्यासाठी माती उकरण्याची गरज राहत नाही.

या कंदावरच आभाळीचे बहुवर्षायू जीवन उभे आहे. पावसाळा सरला की वरचा सारा भाग वाळून जातो. उन्हात तापलेल्या कातळावरच्या त्या चिमूटभर मातीत कंद जिवंत राहतो. एक रोप उपटले, तर त्या वर्षीच्या फुलांबरोबर पुढील अनेक पावसाळ्यांची फुलेही जातात. फुलांच्या वेड्या गर्दीत पायवाट सोडून चालल्याने माती दबते, तेव्हाही हानी होते. फक्त ती दिसत नाही.

विद्यार्थ्यांच्या वहीत आता वाळवलेली फुले नसतात. पाकळ्यांची संख्या, छदांचे रेखाटन, पानांची लांबी आणि जागेची खूण एवढेच असते. जून उलटल्यावर त्याच खुणेशी पुन्हा गेलो की आधी पानांचा झुबका भेटतो. फुलांसाठी अजून काही आठवडे थांबावे लागते.