शहराची उद्याची वीज ठरवते कोण?

प्रश्न : आमच्या सोसायटीत दर महिन्याला एखादी तरी नवी विजेवरची गाडी येते, एसी तर घरोघरी झाले. पुढच्या दहा वर्षांत शहराला लागणारी वीज कोळशाची घ्यायची की सौर, कोणाकडून आणि किती, हे ठरवताना आम्हा ग्राहकांना कुणी विचारतं का? की बिल आल्यावरच कळायचं?
– एक वाचक, पुणे

उत्तर : विचारतात. कायद्यानेच विचारावे लागते. पण विचारायची वेळ अशी की तोवर मोठे निर्णय बहुधा होऊन गेलेले असतात.

२००३च्या वीज कायद्यातील कलम ६४ प्रमाणे वीज कंपनीने दराचा प्रस्ताव जाहीर करायचा, लोकांच्या सूचना-हरकती घ्यायच्या आणि त्या विचारात घेऊन राज्य वीज नियामक आयोगाने आदेश द्यायचा. महावितरणचा प्रस्ताव आला की पुणे, नाशिक, अमरावती, नागपूर अशा ठिकाणी जाहीर सुनावण्या होतात. कुणीही साधा ग्राहक तिथे उभा राहून बोलू शकतो. वकील लागत नाही. शिवाय ग्राहकांची बाजू मांडायला आयोगाने पुण्याची ‘प्रयास’, मुंबई ग्राहक पंचायत अशा संस्थांना अधिकृत प्रतिनिधी म्हणून मान्यता दिली आहे.

पण तुमचा प्रश्न दराचा नाही, खरेदीचा आहे आणि तो जास्त मोलाचा आहे. वीज कंपनीच्या खर्चात सर्वांत मोठा वाटा वीजखरेदीचा, आणि ही खरेदी पंचवीस-पंचवीस वर्षांच्या करारांनी बांधलेली असते. एकदा सही झाली की सुनावणीत कितीही पोटतिडकीने बोला, तो खर्च फारसा हलत नाही. लग्न लागल्यावर पत्रिका जुळवत बसण्याचा हा प्रकार. आणि करारांच्या मंजुरीसाठी, दराच्या प्रस्तावाला असते तशी जाहीर सुनावणी कायद्याने सक्तीची नाही.

याची किंमत महाराष्ट्राने एकदा मोजली आहे. डिसेंबर १९९३ मध्ये वीज मंडळाने अमेरिकी कंपनी एन्रॉनच्या दाभोळ वीज कंपनीशी खरेदीचा करार केला, तो बंद दाराआड. वीज घ्या वा न घ्या, ठरलेला आकार द्यायचाच, तोही डॉलरच्या हिशेबाने. १९९९ मध्ये प्रकल्प सुरू झाला आणि २००१ मध्ये बंदही पडला. प्रकल्पाच्या परिसरातील गुहागरच्या गावकऱ्यांनी, ‘प्रयास’च्या अभ्यासकांनी आधीपासून धोक्याची घंटा वाजवली होती. करार लोकांसमोर उघडा मांडला असता तर तो तसाच टिकला असता, असे मला वाटत नाही.

आता उलट उदाहरण, तुमच्याच शहरातले. २००५-०६ मध्ये राज्यभर भारनियमन होते. पुण्यातल्या कारखान्यांकडे स्वतःची डिझेल जनित्रे होती. उद्योजकांच्या सीआयआय या संघटनेने प्रस्ताव मांडला : टंचाईच्या तासांत कारखाने जनित्रांवर चालतील, ग्रिडमधून तेवढी वीज घेणार नाहीत, ती घरांना आणि दुकानांना मिळेल. डिझेलची वीज अर्थातच महाग, मग फरक कोणी भरायचा? आयोगाने जाहीर सुनावणी घेतली आणि हा जादा आकार जास्त वापर करणाऱ्यांवर ठेवला. महिन्याला ३०० युनिटांच्या आत वापरणारी घरे त्यातून वगळली. जून २००६ पासून पुण्याचे भारनियमन थांबले. पुढे याच धर्तीवर इतर शहरांतही प्रयोग झाले.

मला यात सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हे की लोकांपुढे किमतीसह पर्याय ठेवला गेला. ‘तुम्हाला चोवीस तास वीज हवी का?’ असे विचारले तर नाही कोण म्हणेल? ‘एवढे जादा पैसे पडतील, ते अमुक लोक भरतील, चालेल का?’ या प्रश्नाला मात्र विचार करून उत्तर द्यावे लागते. जनसुनावणीच्या नावाखाली पहिलाच प्रश्न विचारून मोकळे होणारे पुष्कळ असतात.

पण पुण्याच्या या प्रयोगालाही एक बोच आहे. ग्रिडची वीज कुणाच्या ताटातून काढून घेतली नव्हती, हे खरे. तरीही पैसे असलेल्या शहराने अंधारातून स्वतःची सुटका करून घेतली आणि आसपासच्या तालुक्यांत भारनियमन चालूच राहिले. शहराची वीज शहरात जन्मत नाही. ती चंद्रपूरच्या राखेतून, कोयनेच्या धरणातून, कुणाच्या शेतावरून गेलेल्या मनोऱ्यांवरून येते. शहराच्या नियोजनात त्या लोकांना खुर्ची नसेल, तर तो सहभाग अर्धाच.

परदेशात काय, असे तुम्ही विचारणारच. कॅलिफोर्नियातील सॅक्रॅमेंटो शहराची वीजसंस्था लोकांच्या मालकीची आहे. तिचे संचालक निवडणुकीने येतात. ६ जून १९८९ रोजी तिथल्या मतदारांनी आपलाच रँचो सेको हा ९१३ मेगावॅटचा अणुप्रकल्प बंद करण्याच्या बाजूने कौल दिला आणि दुसऱ्या दिवशी तो बंद झाला. आपल्याकडे असे मतदान नाही आणि प्रत्येक प्रश्न हो-नाहीत बसवावा, असेही मी म्हणणार नाही.

आपल्या हातात काय आहे? २०२२च्या केंद्रीय नियमांनंतर वितरण कंपन्यांना पुढच्या मागणीचा अंदाज बांधून ती कशी भागवणार याचा आराखडा करावा लागतो. केंद्रीय मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तो दहा वर्षांचा आणि दरवर्षी नव्याने तपासायचा. राज्याच्या आयोगाने २०२४ मध्ये त्यासाठी स्वतंत्र विनियमही केले. तुमच्या प्रश्नाचे उत्तर त्या आराखड्यात आहे. महावितरण ही सरकारी कंपनी. माहिती अधिकारात आराखडा मागता येतो. त्यात तुमच्या शहराची मागणी किती वाढेल असे धरले आहे, तो आकडा आधी पाहा. तो फुगलेला असेल तर न लागणाऱ्या विजेचे करार होतील आणि बिल तुमच्याकडे येईल. सोसायटीत एखादे निवृत्त अभियंते असतीलच. त्यांना सोबत घ्या, लेखी हरकत नोंदवा आणि दरप्रस्तावाची पुढची जाहिरात वर्तमानपत्रात दिसली की दरावर बोलण्याआधी खरेदीवर बोला.