आधी जेवून घे, मग तलाठ्याकडे जा

यवतमाळ

चि. बाळ,

रविवारी फोनवर तू अर्धा तास बोललास. सोयाबीन कापणीला आलं आणि पाऊस लागला, उभ्या शेंगांना कोंब फुटले. बाबा ऐकत नाहीत. पाळकसाहेबांचा उपदेश संपता संपत नाही. पुणं सोडलं तिथेच नशीब फुटलं. तेव्हा मी ऐकून घेतलं. आता लिहिते.

सोयाबीनचं दुःख खरं आहे. ज्या जिल्ह्यातल्या चिलगव्हाणच्या साहेबराव करपे या शेतकऱ्याने १९ मार्च १९८६ रोजी बायकोमुलांसह आयुष्य संपवलं, त्या जिल्ह्यात बसून शेतकऱ्याला ‘देवाने दिलं ते गोड मान आणि गप्प राहा’ असं सांगायला माझी जीभ रेटत नाही. पण पंचनामा झाला का? ई-पीक पाहणी मोबाइलवर केली होतीस का? तलाठ्याच्या यादीत आपला गट नंबर आहे का? अर्ध्या तासात यातलं एक अक्षर आलं नाही. ज्याला सांगून उपयोग, त्याच्याकडे तू गेला नाहीस. आणि आईला मात्र दोन्ही वेळा ताटावर बसून ऐकवतोस. ती बिचारी काय करणार? तिचाही घास कडू होतो.

असेल त्या स्थितीत तृप्त राहायला आपण शिकलो, असं पौलाने कैदेतून फिलिप्पैकरांना लिहिलं, ते तुला पाठ आहे. पण पत्र कोणत्या गावाला गेलं ते बघ. त्याच फिलिप्पैत त्याला चौकशीविना छड्या मारून कोंडलं होतं. सकाळी अधिकाऱ्यांचा निरोप आला, सोडलंय, जा. हा हलला नाही. रोमी नागरिकाला चारचौघांत मारलंत, आता स्वतः येऊन बाहेर काढा, असं त्याने ठणकावलं. आणि ते आले. आदल्या मध्यरात्री, पाय खोड्यात असताना, हाच माणूस देवाची गाणी गात होता. आपल्या मंडळीत गाण्याचा भाग रंगवून सांगतात, ठणकावण्याचा उरकून टाकतात.

पंडिता रमाबाईंचंही तसंच. दुष्काळात आईवडील गेले, मग भाऊ, लग्नाला दोन वर्षं होत नाहीत तोच नवरा. १९२१ मध्ये एकुलती एक मनोरमा गेली. तरी बायबलच्या भाषांतराचं काम हातावेगळं करून बाई १९२२ च्या एप्रिलात गेल्या. रडगाणं गायचा हक्क त्यांच्याइतका कुणाला होता? पण बायकांना स्त्री-डॉक्टर हव्यात हे १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे याच बाईंनी सांगितलं, आणि १८९७ च्या प्लेगात पुण्यात बायकांचे हाल झाले तेव्हा वर्तमानपत्रात लिहून सरकारला जाब विचारला. देवापाशीही खुशाल भांड. स्तोत्रकर्ते भांडलेच आहेत.

पुण्याचं मात्र मी ऐकून घेणार नाही. तिथे होतास तेव्हा खोलीत पाच जण आणि मेसची पाणचट भाजी यांचं गाऱ्हाणं घालायचास, आईच्या भाकर-ठेच्यासाठी जीव टाकायचास. आता भाकर समोर आहे, तर पगार आठवतो. रानातल्या इस्राएल लोकांना मिसरातल्या काकड्या, कांदे, लसूण आठवले; थापलेल्या विटा एकालाही आठवल्या नाहीत. अर्थात तू एकटाच नाहीस. युनियन बिब्लिकल सेमिनरी १९८३ मध्ये इथून पुण्याला गेली, त्यावर आमच्या पिढीचे उसासे अजून चालू आहेत.

पाळकसाहेबांचा उपदेश लांबतो, हे मलाही मान्य. त्यांना भेटून नीट सांग. मागच्या बाकावरून घड्याळाकडे बोटं दाखवू नकोस.

सोमवारी सातबारा, आधार आणि पासबुकाची झेरॉक्स घेऊन नीघ. बाबांना सोबत ने. तलाठ्याशी ओळख त्यांची आहे, आणि वाटेत तुम्हा दोघांचं बोलणंही होईल. अर्जाची पोच हातात पडल्याशिवाय उठू नकोस. काय झालं ते आईला सांग, पण तिचं जेवण झाल्यावर.

तुझी,
आत्या