इंजिनात पडलेली वस्तू कशी काढावी?

विहिरीवरील डिझेल इंजिनाची दुरुस्ती चालू असताना हातातील एखादे नट किंवा वॉशर निसटून आत पडते. पिकाला पाणी देण्याची निकड असते. म्हणून ‘लहानशी वस्तू, पडली असेल कोठेतरी’ असे म्हणून इंजिन सुरू करण्याचा मोह होतो. हा मोह कटाक्षाने टाळावा. पिस्टन अगदी वर आला म्हणजे तो व हेड यांच्यामध्ये सुमारे १ मिलिमीटरच जागा उरते. तेथे नट अडकल्यास पिस्टन फुटतो, व्हॉल्व्ह वाकतो किंवा हेडला तडा जातो.

वस्तू पडताच इंजिन जराही फिरवू नये. हँडल काढून दूर ठेवावे. बॅटरीवर चालू होणारे इंजिन असल्यास बॅटरीची तार सोडवावी.

त्यानंतर वस्तू कोणत्या वाटेने गेली ते पाहावे. हवेच्या मार्गात पडलेली वस्तू व्हॉल्व्ह बंद असल्यास तेथेच थांबते. रॉकर हाताने किंचित हलत असेल तर त्याखालील व्हॉल्व्ह बंद आहे असे समजावे. रॉकरने स्प्रिंग दाबलेली असेल तर व्हॉल्व्ह उघडा असून वस्तू सिलिंडरमध्ये गेल्याचा संभव असतो. अशा वेळी हेड उतरवूनच पाहावे. पुशरॉडच्या भोकातून पडलेली वस्तू बहुधा तळाच्या तेलात जाते. ते तेल स्वच्छ भांड्यात काढून फडक्यातून गाळावे. वस्तू न मिळाल्यास क्रँककेसचे बाजूचे झाकण उघडून विजेरीच्या उजेडात शोध घ्यावा.

लोखंडी वस्तू काढण्यास काठीच्या टोकाला बांधलेले लोहचुंबक उपयोगी पडते. मात्र ते बिडाच्या भिंतीलाच चिकटते. म्हणून त्याच्या कडेने रबरी नळीचा तुकडा बसवून केवळ टोक उघडे ठेवावे. पितळ, तांबे व ॲल्युमिनियम चुंबकाला चिकटत नाहीत. त्यांसाठी काठीच्या टोकास घट्ट ग्रीज लावावे. हवेचा झोत मुळीच मारू नये. त्यामुळे वस्तू अधिक आत जाते.

वस्तू मिळाल्यावर ती अखंड आहे की नाही हे तपासावे. तुकडा उडालेला असल्यास तोही शोधावा. सर्व भाग जोडल्यावर डिकॉम्प्रेशन लिव्हर उचलून इंजिन हाताने सावकाश दोन पूर्ण फेरे फिरवावे. चार स्ट्रोकच्या इंजिनाचे चक्र दोन फेऱ्यांत पूर्ण होते. कोठेही अटकाव जाणवल्यास जोर न लावता पुन्हा उघडून पाहावे.

असा प्रसंग टाळणे फारसे कठीण नाही. काम सुरू करण्यापूर्वी उघडी भोके स्वच्छ फडक्याने झाकावीत व फडक्याचे टोक बाहेर ठेवावे. काढलेले नट-वॉशर थाळीत मोजून ठेवावेत. शेवटी ती मोजदाद जुळल्याखेरीज हँडलला हात लावू नये. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी शेतकरी बंधूंना ही सवय प्रात्यक्षिकाने लावून द्यावी. शोधण्यात अर्धा दिवस गेला तरी पाण्याची एकच पाळी चुकते. इंजिन फुटल्यास मात्र हंगामच हातचा जातो.