कालकाजीचे दर्शन: खर्च किती, तो कुठे होतो?

दिल्लीला जाणारा मराठी माणूस लाल किल्ला, कुतुबमिनार पाहतो आणि परततो. दक्षिण दिल्लीतले कालकाजी मंदिर बहुतेकांच्या यादीत नसते. ते असायला हवे. सध्याच्या वास्तूचा सर्वांत जुना भाग मराठ्यांनी १७६४ च्या सुमारास बांधला, असे मानले जाते. म्हणजे पानिपतानंतर अवघ्या तीन वर्षांनी! पुढे १८१६ मध्ये मोगल बादशहा दुसऱ्या अकबराच्या पेशकाराने, राजा केदारनाथांनी, त्यात भर घातली. गाभाऱ्याची खोली बाराकोनी आहे. ती जरूर निरखून पाहा.

दर्शनाला पैसे लागत नाहीत. ठरलेला खर्च फक्त मेट्रोचा. पुण्याहून गोवा एक्सप्रेसने किंवा नाशिक, जळगावहून मुंबई राजधानीने आलात, तर हजरत निजामुद्दीनला उतराल. तिथून गुलाबी मार्गाने लाजपतनगर आणि गाडी बदलून जांभळ्या मार्गाने ‘कालकाजी मंदिर’ स्थानक. अंतर ५ ते १२ किलोमीटरच्या टप्प्यात बसते. २५ ऑगस्ट २०२५ पासूनच्या दरांनुसार या टप्प्याचे तिकीट ३२ रुपये, रविवारी आणि राष्ट्रीय सुट्टीला २१ रुपये. चौघांचे जाणे-येणे एरवी २५६ रुपयांत, रविवारी १६८ रुपयांत होते. स्मार्ट कार्ड असेल तर आणखी १० टक्के वाचतात. तीन फुटांपेक्षा कमी उंचीच्या मुलांना मोठ्यांसोबत तिकीट लागत नाही. विमानाने टर्मिनल १ वर उतरणाऱ्यांना किरमिजी मार्गाची मेट्रो गाडी न बदलता थेट याच स्थानकावर आणते. स्थानकापासून मंदिर चालत काही मिनिटांवर आहे, रिक्षा करू नका.

यापुढचा खर्च तुमच्या हातात. प्रसादाच्या दुकानात थाळी हातात घेण्याआधी भाव विचारा. चुनरी, नारळ, शृंगार यांचे पैसे वेगवेगळे आहेत की एकत्र, हेही विचारा. चपला सांभाळण्याच्या बोलीवर महागडी थाळी घेण्याची गरज नाही. सुटे पैसे जवळ ठेवा.

दक्षिणेबद्दल स्पष्टच सांगतो. इथे पूजेचा आणि चढाव्याचा हक्क पुजारी घराण्यांकडे पाळीपाळीने येतो. त्यांना बारीदार म्हणतात. या वाटणीवरून वाद वर्षानुवर्षे कोर्टात चालले आणि २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने मंदिरावर प्रशासक नेमला. म्हणून किती द्यायचे ते रांगेत शिरण्यापूर्वीच ठरवा. कोणी खास पूजेचा आग्रह धरला तर नम्रपणे नाही म्हणा. देवीपुढे नुसते हात जोडून निघालात तरी दर्शन पुरेच होते.

वेळ उरला तर शेजारचे कमळ मंदिर पाहा. तेही विनाशुल्क आहे, मात्र सोमवारी बंद असते. चैत्र आणि आश्विन नवरात्रात कालकाजीला प्रचंड रांगा लागतात. सोबत वयस्कर माणसे किंवा लहान मुले असतील, तर ते दिवस टाळा.