ताप नव्हता, म्हणून मी थांबले

आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं तेव्हा ती ७८ वर्षांची होती. दुखायचं म्हणून ती कूस बदलायची नाही, खोकला आला तरी दाबायची. मी म्हणायचे, "पडून राहा, आराम कर." आडवी असतानाच तिला चमच्याने पेज भरवली. दोनदा ठसका लागला. पाठ चोळली आणि विसरले. तिची कवळी स्टीलच्या वाटीत तशीच पडून होती. तीन दिवस तिचं तोंड कुणी स्वच्छ केलं नव्हतं.

तिसऱ्या रात्री ती मला मावशीच्या नावाने हाक मारू लागली. अंग गार होतं. औषधांची गुंगी असेल, असं समजून मी सकाळची वाट पाहिली. सकाळी ऑक्सिजन ८८ टक्क्यांवर आला होता.

एक्स-रेत उजव्या फुप्फुसात खाली पांढरा डाग दिसला. ऑपरेशनआधीच्या फिल्ममध्ये तो नव्हता. पण पाणी साचलं तरी असा डाग दिसतो, म्हणून नुसत्या फोटोवर निदान होत नाही. पिवळा घट्ट कफ, वाढलेल्या पांढऱ्या पेशी आणि घसरलेला ऑक्सिजन, हे सगळं जुळलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, "न्यूमोनिया. इथेच झालेला." हॉस्पिटलात दाखल झाल्यापासून ४८ तास उलटून गेल्यावर होतो तो हा. अँटिबायोटिक देण्याआधी कफ कल्चरला गेला. दोन दिवसांनी त्यात क्लेबसिएला नावाचा जंतू निघाला.

असे चिवट जंतू आजारी माणसाच्या तोंडात, घशात काही दिवसांतच ठाण मांडतात. झोपेत लाळेबरोबर, ठसक्याबरोबर ते फुप्फुसात उतरतात. खोकून बाहेर टाकायची ताकद नसली की तिथेच वाढतात.

आई बरी झाली, पण खूप झिजली.

तुमचं माणूस दाखल असेल तर डॉक्टरांना विचारून पलंगाची डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश वर ठेवा. बसवून भरवा, ठसका लागला तर घास थांबवा आणि सांगा. दात, जीभ, कवळी रोज स्वच्छ करा. हात धुऊनच जवळ जा. परवानगी मिळताच बसवा, चालवा, दीर्घ श्वास घ्यायला लावा.

आणि म्हातारं माणूस अचानक असंबद्ध बोलू लागलं, तर ताप नाही म्हणून निर्धास्त राहू नका. त्या रात्री मी सिस्टरना बोलवायला हवं होतं. तुम्ही बोलवा.