अमेरिकेतील रीजनल विमान कंपन्या आणि वैमानिकांची भरती

विमान चालविण्याचा परवाना हाती आला म्हणजे नोकरी हाती आली, असा आपल्याकडे पुष्कळांचा समज आहे. मुलगा फ्लोरिडा, ॲरिझोना किंवा टेक्सासला शिकायला जातो, घरचे लोक कर्ज काढतात, आणि हिशेब असा मांडतात की परवाना मिळाल्यावर वर्षभरात पगार सुरू होईल. अमेरिकेत प्रत्यक्षात काय घडते ते या लेखात पाहू. तेथील भरतीचा दरवाजा मुख्यतः रीजनल, म्हणजे छोट्या शहरांना मोठ्या विमानतळांशी जोडणाऱ्या कंपन्यांचा आहे, म्हणून प्रथम त्यांचा धंदा समजून घ्यावा लागेल.

भिवंडी-मालेगावच्या वाचकाला हा धंदा लगेच कळेल. सूत व्यापाऱ्याचे, माग विणकराचा, आणि विणकराला मिळते ती मजुरी. कापड कोणत्या भावाने विकले गेले याच्याशी विणकराचा संबंध नसतो. स्कायवेस्ट, रिपब्लिक, एन्व्हॉय, पीएसए, एंडेव्हर या कंपन्या बहुतांशी अशीच मजुरी करतात. तिकीट विकते डेल्टा, युनायटेड किंवा अमेरिकन. वेळापत्रक त्यांचे, विमानावरचे नावही त्यांचे, आणि इंधनाचा बोजाही सहसा त्यांच्यावरच. रीजनल कंपनीला उड्डाणामागे व तासामागे ठरलेला दर मिळतो. त्यातल्या काही तर मोठ्या कंपनीच्याच मालकीच्या आहेत. एन्व्हॉय, पीएसए व पीडमॉन्ट अमेरिकनच्या, एंडेव्हर डेल्टाची. व्यापाऱ्याने सूत कमी दिले की माग बंद पडतात, तसे मोठ्या कंपनीने फेऱ्या कमी केल्या की येथील भरती थांबते. उमेदवाराने कितीही तयारी केलेली असो, ही गोष्ट त्याच्या हातात नाही.

आता तासांचा प्रश्न. १२ फेब्रुवारी २००९ रोजी कोलगन एअर या रीजनल कंपनीचे विमान बफेलोजवळ कोसळले आणि विमानातले ४९ व जमिनीवरचा एक असे ५० जण मरण पावले. त्यानंतर २०१० मध्ये अमेरिकन काँग्रेसने कायदा केला आणि २०१३ पासून सहवैमानिकालाही एअरलाइन ट्रान्सपोर्ट पायलट दर्जाचा परवाना सक्तीचा झाला. त्यासाठी १५०० तासांचे उड्डाण व २३ वर्षे वय लागते. सवलतीचा मार्गही आहे. सैन्यातील वैमानिकाला ७५० तास, मान्यताप्राप्त संस्थेतून विमानविद्येची पदवी घेणाऱ्यास १०००, दोन वर्षांच्या पदविकेवर १२५०, आणि या सर्वांना वयाची अट २१. पूर्वी २५० तासांच्या व्यावसायिक परवान्यावर कायद्याने सहवैमानिकाची खुर्ची मिळू शकत असे.

२५० वरून १५०० पर्यंत जायला १२५० तास पाहिजेत. बहुतेक मुले प्रशिक्षक होऊन ते जमवतात. महिन्याला ७० तास धरले तर अठरा महिने झाले. पण ७० तास रोज मिळणाऱ्या रोजीसारखे पक्के नसतात. ढग उतरले, वारा वाढला, विमान दुरुस्तीला गेले, विद्यार्थ्याचे पैसे संपले, की त्या दिवशी तासही नाही आणि मजुरीही नाही. कर्जाचा हप्ता मात्र हवामान पाहून येत नाही.

१५०० तास झाले की अर्जांची फेरी सुरू होते. कंपन्या फक्त एकूण आकडा पाहत नाहीत. रात्रीचे १०० तास, उपकरणांवरचे ७५, लांबच्या प्रवासाचे तास, दोन इंजिनांच्या विमानाचा अनुभव आणि गेल्या सहा-बारा महिन्यांत प्रत्यक्ष किती उडालात, हे सारे विचारले जाते. येथे मुलांचे फार हाल होतात. एकजण १५०० पूर्ण झाल्यावर प्रशिक्षकाची नोकरी सोडतो, सहा महिने वाट पाहतो, आणि मग त्याला कळते की अलीकडचे उड्डाण नाही म्हणून अर्ज मागे पडला. गोदामात पडून राहिलेल्या कापडाचा भाव उतरतो, तसे तासही शिळे होतात. म्हणून वर्गाची तारीख लेखी येईपर्यंत प्रशिक्षकाची खुर्ची सोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

कागदपत्रांची छाननी कडक असते. प्रथम वर्गाचे वैद्यकीय प्रमाणपत्र, पासपोर्ट, रेडिओ परवाना, अमली पदार्थांची चाचणी, दहा वर्षांची गुन्हेविषयक तपासणी, आणि लॉगबुक पानापानाची बेरीज जुळवून. शिवाय एफएए या सरकारी खात्याकडे वैमानिकांच्या नोंदींची एक मध्यवर्ती वही आहे. २०२१ मध्ये तिचा नियम आला आणि सप्टेंबर २०२४ पासून जुनी पद्धत बंद होऊन सर्व कंपन्या तीच पाहतात. एखादी परीक्षा नापास झालेली असेल तर ती तेथे दिसते. एक-दोन वेळा नापास झालेल्याला नोकरी मिळते, अशी पुष्कळ उदाहरणे आहेत. पण लपवले तर मुलाखत तिथेच संपते. काय चुकले, मग काय सुधारले, हे दोन वाक्यांत सांगता आले पाहिजे.

मुलाखतीत जेपसेनचे नकाशे समोर ठेवून प्रश्न विचारतात, नियम विचारतात, आणि कॅप्टन चूक करीत असेल तर तुम्ही काय कराल हेही विचारतात. शेवटचा प्रश्न सोपा वाटतो, पण गप्प बसणारा सहवैमानिक कोणालाच नको असतो.

मुलाखत पार पडली की सशर्त नियुक्तीपत्र येते. खरा वैताग येथून पुढे आहे. त्या पत्रावर वर्गाची तारीख असेलच असे नाही. बाजाराच्या भाषेत सांगायचे तर सौदा झाला, पण माल कधी उचलणार ते ठरलेले नाही, आणि इसारही दिलेला नाही. २०२३ व २०२४ मध्ये अशी पत्रे घेऊन कित्येक मुले महिनोन् महिने बसून राहिली.

असे का झाले, त्याचे कारण मजेशीर आहे. २०२० च्या महामारीत मोठ्या कंपन्यांनी जुन्या वैमानिकांना मुदतपूर्व निवृत्ती दिली, तर ट्रान्स स्टेट्स, कंपास व एक्सप्रेसजेट या रीजनल कंपन्या त्याच वर्षी बंद पडल्या. मग प्रवासी परतले आणि मोठ्या कंपन्यांनी रीजनलचे कॅप्टन भराभर उचलले. मार्च २०२२ मध्ये स्कायवेस्टने सरकारी अनुदानावरील २९ छोट्या गावांची सेवा सोडण्याची नोटीस दिली, कारण वैमानिक नव्हते. जून २०२२ मध्ये पीडमॉन्ट व एन्व्हॉयने पहिल्या वर्षाच्या सहवैमानिकाला तासाला ९० डॉलर जाहीर केले. महिन्याला सुमारे ७५ तासांची हमी धरली तर वर्षाचे ८१,००० होतात. कोलगन अपघाताच्या काळात हाच दर वीस-पंचवीस डॉलर होता, म्हणजे वर्षाचे वीस हजारांच्या आसपास!

एवढा भाव वाढल्यावर सहवैमानिक पुष्कळ आले. अडले ते कॅप्टनपाशी. नियमाने कॅप्टन होण्यास सर्वसाधारणपणे विमान कंपनीत सहवैमानिक म्हणून १००० तास लागतात. उजवीकडच्या खुर्चीला दहा माणसे आणि डावीकडे माणूस नाही, अशी स्थिती झाली. उभे धागे नसताना आडव्या धाग्याच्या कांड्यांनी गोदाम भरावे, तसे हे. त्यात आणखी एक नियम आहे. नव्या वैमानिकाने प्रशिक्षणानंतर १२० दिवसांत १०० तास उडालेच पाहिजे. कॅप्टनअभावी उड्डाणे नाहीत, तर हे तास कोठून देणार? म्हणून कंपन्यांनी वर्गच लांबविले. पुढे २०२४ मध्ये बोईंगची विमाने उशिरा येऊ लागली, युनायटेडने मे-जूनमध्ये भरती थांबविली, साऊथवेस्टने नवे वर्ग बंद केले. वरचा प्रवाह थांबला की खालचे पाणी तुंबते.

या विलंबाची किंमत फक्त बुडालेल्या पगाराएवढी नाही. अमेरिकेत वर्गाच्या पहिल्या दिवशी ज्येष्ठता क्रमांक मिळतो, आणि पुढे सुट्टी, मुक्कामाचे शहर, कॅप्टनपद, कपातीत कोण घरी जाणार, हे सर्व त्या क्रमांकावर ठरते. महिनाभर आधी आलेला माणूस कंपनीत असेपर्यंत पुढे राहतो. म्हणून एकाहून अधिक कंपन्यांची पत्रे जवळ ठेवणे मला गैर वाटत नाही. कंपनीने अट घातली आहे, तर उमेदवारालाही वाट मोकळी असावी. मात्र एकदा वर्गात बसल्यावर दुसरीकडे पळणे वाईट. तेथील टाइप रेटिंगचा खर्च कंपनी करते (आपल्याकडे तो बहुधा उमेदवाराच्या खिशातून जातो), आणि काही ठिकाणी त्यासाठी मुदतीचा करार लिहून घेतात. तो करार सही करण्यापूर्वी वाचावा. किती महिन्यांचा, सोडल्यास किती रक्कम, ती दरमहा कमी होते की नाही, आणि कंपनीनेच काढले तर काय.

आता आपल्या मुलांविषयी. जी मुले अमेरिकेत स्थायिक मराठी कुटुंबांतील आहेत, नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक आहेत, त्यांना वरील सर्व लागू पडते. येथून विद्यार्थी म्हणून गेलेल्यांची गोष्ट निराळी. एफएएचा परवाना म्हणजे काम करण्याची परवानगी नव्हे. एम-१ व्हिसावर शिक्षणानंतर सरावासाठी जास्तीत जास्त सहा महिने मिळतात, एफ-१ वर साधारण बारा. बारा महिन्यांत १२५० तास जमविणे जवळपास अशक्य, आणि जमले तरी पुढे रीजनल कंपनीत राहण्याचा हक्क नाही. मध्यंतरी काही कंपन्यांनी ई-३ व्हिसावर ऑस्ट्रेलियन वैमानिक घेतले, पण तो व्हिसा फक्त ऑस्ट्रेलियाच्या नागरिकांसाठी आहे.

तेव्हा येथून जाणाऱ्याने भारतात परतण्याचा हिशेब पहिल्या दिवशीच मांडावा. डीजीसीएला व्यावसायिक परवान्यासाठी २०० तास लागतात, बारावीला भौतिकशास्त्र व गणित लागते, येथील प्रथम वर्गाची वैद्यकीय तपासणी लागते, आणि अमेरिकन परवाना बदलून घेताना येथील परीक्षा द्याव्या लागतात. ती वैद्यकीय तपासणी पैसे भरण्यापूर्वी करून घ्यावी. एजंट तुम्हाला १५०० तास आणि अमेरिकन नोकरीचे चित्र दाखवील, तेव्हा त्याला एकच विचारा: माझ्या मुलाला तेथे काम करण्याचा हक्क कोणत्या कागदावर मिळणार? तो कागद त्याने दाखविला, तर पुढची बोलणी करा.